हवाबंद पोत्यात भुंगेरा तहानेने मरतो

छोट्या शेतकऱ्याच्या राजम्याला, चवळीला भाव का मिळत नाही असं विचारलं की लोक लगेच दलालाचं नाव घेतात. दलाल आहेतच, पण जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा कडधान्यातला भुंगेरा कोणाच्या लक्षातच येत नाही.

पीक तसं गरिबाला परवडणारं. जमीन थोडी, बऱ्याचदा मक्यात आंतरपीक, बुटक्या जाती अडीच-तीन महिन्यांत तयार होतात, आणि फूल स्वतःच्याच परागाने फळतं म्हणून बियाणं घरचंच धरता येतं. मुळांच्या गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन देतात, पण त्यात राजमा चवळीपेक्षा कमजोर.

खरा घोळ काढणीनंतर. सगळ्यांचा माल एकदम येतो, भाव पडतो आणि काही महिन्यांनी चढतो, हे शेतकऱ्याला पक्कं माहीत असतं. तरी तो थांबत नाही कारण एक तर हातात पैसा नसतो आणि दुसरं, माल ठेवला तर भुंगेरा लागणार, मग भोकं पडलेला दाणा व्यापारी पाडून मागणार नाहीतर घेणारच नाही.

या किड्याची मादी दाण्यावर अंडं चिकटवते (राजम्यावरची एक जात नुसतीच दाण्यांमध्ये टाकून देते), अळी दाणा पोखरून आत शिरते, आतच खाऊन वाढते, आणि कोषात जायच्या आधी कुरतडत सालीपर्यंत येऊन तिथे एक पातळ गोल झाकण ठेवते. मोठा झालेला किडा ते ढकलून बाहेर पडतो, ते आपल्याला दिसणारं भोक. उबदार हवेत हे सगळं महिनाभरात उरकतं. बऱ्याचदा अंडी शेतातच शेंगेवर घातलेली असतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यातही किडे निघतात आणि लोक म्हणतात दाण्यातून आपोआप जन्मले. इटलीतल्या फ्रान्सेस्को रेडी या शास्त्रज्ञाने १६६८ मध्ये, माश्यांना अंडी घालता येऊ नयेत म्हणून झाकलेल्या मांसात अळ्या होत नाहीत हे दाखवलं होतं, तरी हा समज अजून टिकून आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. नीट वाळलेल्या दाण्यात पाणी १२-१३ टक्केच असतं, अळी कधीच पाणी पीत नाही, मग ती जगते कशी? पाणी ती स्वतः तयार करते! खाल्लेल्या स्टार्चचं ग्लुकोज होतं, ते ऑक्सिजनबरोबर जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, १८० ग्रॅम ग्लुकोजला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि १०८ ग्रॅम पाणी मिळतं. म्हणजे ऑक्सिजन हाच तिचा पाण्याचा नळ. पोतं हवाबंद केलं की आतले किडेच श्वास घेऊन ऑक्सिजन संपवत आणतात, तो फार कमी झाला की अळी खाणं थांबवते, म्हणजे नुकसान तिथेच थांबलं. त्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की शरीरावरची श्वासरंध्रं उघडीच राहतात आणि त्यातून ओलावा निघून जातो, नवीन पाणी बनत नाही, आणि किडा सुकून मरतो. विष नाही, फवारणी नाही.

हेच तत्त्व वापरून अमेरिकेतल्या परड्यू युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळीसाठी काम सुरू केलं, त्यातून तीन थरांचं पोतं आलं: आत पॉलिथिनच्या दोन जाड पिशव्या, प्रत्येक वेगळी बांधायची, आणि बाहेर विणलेलं साधं पोतं. शेतकऱ्याला भाव मिळवून देणाऱ्या ॲपचा केवढा गाजावाजा होतो, पण माल टिकलाच नाही तर ॲपवर चढा भाव बघून करायचं काय?

दाणा मात्र खडखडीत वाळलेला हवा, नाहीतर बुरशी धरते. ते तपासायला कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा, मीठ काचेला चिकटलं तर अजून वाळवायचं.

आणि पोतं मिळतच नसेल तर राजम्यासाठी अजून एक उपाय आहे, अर्धी भरलेली गोणी सकाळ-संध्याकाळ लोळवायची. मोकळी अंडी घालणाऱ्या त्या जातीच्या अळीला दाण्यात शिरायला साधारण एक दिवस लागतो, शेजारच्या दाण्याला टेकून ती जोर लावत असते, दाणे हलले की आधार गेला आणि पोखरलेली जागाही गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यातच ती दमून मरते. आधीच आत शिरलेल्या अळीवर याचा उपयोग नाही, त्यामुळे लोळवणं काढणी झाल्या झाल्या सुरू करायला हवं.