स्कॉटलंडची नोट लंडनमध्ये का अडते?

एडिनबर्गहून लंडनला आलेल्या माणसाने दुकानात स्कॉटलंडची वीस पौंडांची नोट पुढे केली, की कॅशियर ती उलटसुलट करून बघतो आणि पुष्कळदा परत देतो. नोट खरी असते, पौंडही तोच आणि मोल पेनीनेही कमी नसते. मग गिऱ्हाईक ‘लीगल टेंडर आहे’ म्हणून हुज्जत घालते, कॅशियर ‘नाही’ म्हणतो. शब्दाला धरून कॅशियर बरोबर असतो, पण त्या शब्दाचा इथे काही संबंधच नसतो.

रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ मुळे आपली नोट देशभर विधिग्राह्य (लीगल टेंडर) असते, म्हणून आपल्याला हे प्रकरण चमत्कारिक वाटते. ब्रिटनमध्ये फक्त बँक ऑफ इंग्लंडची नोट विधिग्राह्य आहे, तीही इंग्लंड आणि वेल्सपुरती. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये कोणतीच नोट विधिग्राह्य नाही, फक्त सरकारी टांकसाळीची नाणी आहेत. आणि विधिग्राह्यतेचा अर्थही अगदी तोकडा: ऋणकोने देण्याची नेमकी रक्कम अशा चलनात कोर्टात भरली, तर पैसे न दिल्याबद्दल त्याच्यावर दावा लागू होत नाही. दुकानात वस्तू घेण्याआधी देणे उभेच राहिलेले नसते. त्यामुळे दुकानदार बँक ऑफ इंग्लंडची पन्नासची नोटही खुशाल नाकारू शकतो.

बँक ऑफ स्कॉटलंड १६९५ ची, बँक ऑफ इंग्लंडपेक्षा एकाच वर्षाने धाकटी. स्कॉटलंडमध्ये सोन्याचांदीच्या नाण्यांची कायम चणचण, म्हणून १७०४ पासून तिथे एक पौंडाची नोट निघाली आणि रोजच्या व्यवहारात रुळली. १८२५ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या अनेक लहान बँका बुडाल्या. त्यावर पार्लमेंटने पाच पौंडांखालच्या नोटाच बंद करायचे ठरवले. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने टोपणनावाने एडिनबर्गच्या वृत्तपत्रात पत्रे लिहून याविरुद्ध रान उठवले आणि स्कॉटलंड सुटले. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर आजही त्याचा चेहरा असतो, तो उगाच नाही. मात्र १८२८ च्या कायद्याने या छोट्या स्कॉटिश नोटा इंग्लंडमध्ये चालवायला बंदी आली. म्हणजे आज काउंटरवर दिसणारा नकार एके काळी चक्क कायद्यात लिहिलेला होता.

पुढची फारकत १८४४–४५ ची. इंग्लंडच्या १८४४ च्या कायद्याने नव्या बँकांना नोटा काढायला मनाई केली. जुन्या बँकांचा हक्कही विलीनीकरणात बुडू लागला. फॉक्स, फाउलर अँड कंपनी ही नोटा काढणारी शेवटची खासगी बँक १९२१ मध्ये लॉइड्समध्ये गेली आणि इंग्लंडपुरता विषय संपला. स्कॉटलंडच्या १८४५ च्या कायद्यात मात्र विलीन झालेल्या बँकांच्या नोटा काढण्याच्या मर्यादा एकत्र धरल्या जात, म्हणून हक्क टिकला. आज तिथे तीन बँका नोटा काढतात: बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल. उत्तर आयर्लंडमध्येही तीन आहेत: बँक ऑफ आयर्लंड, अल्स्टर बँक आणि डान्स्के. (बेलफास्टच्या नोटेवर डॅनिश नाव पाहून लंडनचा कॅशियर बिचकला, तर त्याला दोष कसा द्यायचा?)

तारणाचा प्रश्नही आता उरलेला नाही. २००९ पासून या बँकांना बाजारात असलेल्या नोटांचे पूर्ण तारण सतत बाजूला ठेवावे लागते. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंड दहा लाखांच्या ‘जायंट’ आणि दहा कोटी पौंडांच्या ‘टायटन’ नोटा छापते. त्या बाजारात कधी येत नाहीत. त्याच वर्षी स्कॉटिश नोटा सर्वत्र स्वीकारल्या जाव्यात म्हणून पार्लमेंटमध्ये खासगी विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही.

मग नोट अडते कुठे? गल्ल्यावर. खोटी निघाली तर भरपाई कोणी देत नाही, आणि कॅशियरच्या बोटांना ओळखीचे असतात फक्त बँक ऑफ इंग्लंडचे चार नमुने. शिवाय घेतलेली नोट सुट्टे म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला देता येत नाही, तेही नाक मुरडते. ती वेगळी काढून बँकेत भरावी लागते.

हातात घेऊन पाहिली तर स्कॉटिश नोटेवर बँकेचे नाव, ‘पौंड्स स्टर्लिंग’ हे शब्द आणि मुख्य कचेरीत पैसे देण्याचे वचन दिसते. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर ‘स्टर्लिंग’ हा शब्दच नाही. नोट प्लॅस्टिकची नसून कागदी असेल, तर दुकानदाराचा नकार रास्त आहे: पाच-दहाच्या कागदी नोटा २०१८ मध्ये आणि वीस-पन्नासच्या सप्टेंबर २०२२ अखेर मागे घेतल्या गेल्या. त्या काढणाऱ्या बँकेत बदलून मिळतात. जर्सी, ग्वर्नसी आणि आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटांच्या नोटांचे प्रकरण निराळे. पौंडाशी त्यांचा दर एकास एक असला, तरी त्या ब्रिटनच्या नोटा नव्हेत.

मराठवाड्यातल्या जुन्या खरेदीखतांत ‘हाली’ आणि ‘कलदार’ असे दोन रुपये भेटतात. निजामाच्या हाली रुपयाचे मोल इंग्रजी कलदारापेक्षा कमी होते, त्यामुळे तिथे बट्टा (बदलताना होणारी कपात) समजण्यासारखा होता. स्कॉटिश नोटेला बट्टा नाही, तरी ती अडते.

दक्षिणेकडे निघताना उरलेल्या नोटा स्कॉटलंडमध्येच खर्च कराव्यात किंवा खात्यात भराव्यात. इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर एटीएममधून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा मिळतातच. भारतात परतणाऱ्याने तर हे विमानात बसण्याआधीच उरकावे. इथल्या पैसे बदलून देणाऱ्यांकडे वॉल्टर स्कॉटची ओळख चालेलच याची खात्री नाही.