प्रेसमडची टाकी आंबते कशी, आणि एआयला ते कधी कळतं?

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणी-रायबाग पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या आवारात प्रेसमडचे काळपट ढीग चढू लागतात. प्रेसमड म्हणजे उसाचा रस स्वच्छ करताना उरलेला गाळ. गाळलेल्या उसाच्या 3 ते 4 टक्के तो निघतो, म्हणजे रोज 5000 टन गाळणाऱ्या कारखान्यात 150 ते 200 टन. तो हवाबंद टाकीत जंतूंकडून कुजवला की साधारण 25 टन ताज्या प्रेसमडमधून 1 टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस (शुद्ध करून दाबाने भरलेला मिथेन) निघतो. आता ‘एआय बसवा, प्लांट आपोआप चालेल’ असंही ऐकू येतं. टाकीतल्या जंतूंना मात्र हे कुणी सांगितलेलं नाही.

प्रेसमडमधली साखर, तंतू, मेण आधी फुटतात, त्यांची सेंद्रिय आम्लं होतात, आणि शेवटी मिथेन. खरी गंमत मधल्या प्रोपिऑनिक आम्लात आहे. ते फोडणाऱ्या जंतूंना एरवी यातून ऊर्जा मिळत नाही, उलट प्रति मोल सुमारे 76 किलोज्यूल खर्ची पडतात. ते फोडताना सुटणाऱ्या, भोवतालच्या हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहाहजारांश भागाखाली गेला, तरच हा व्यवहार परवडतो. तो हायड्रोजन खातात मिथेन बनवणारे आर्किया (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव): चार रेणू हायड्रोजन, एक रेणू कार्बन डायऑक्साइड, त्यातून एक मिथेन आणि दोन पाणी. दोघे एकमेकांना अक्षरशः चिकटून राहतात, कारण अंतर वाढलं की हायड्रोजन पोहोचायला उशीर. म्हणून ‘जोरात ढवळा, गॅस वाढेल’ हा सल्ला उलटा पडतो. गुठळ्या फुटतात आणि जोडीदार पांगतात.

एकदम जास्त माल घातला की आम्ल करणारे जंतू काही तासांत दुप्पट होतात; मिथेनवाल्यांना दिवस लागतात. हायड्रोजन तुंबतो, प्रोपिऑनिक साचतं. तरीही पीएच 7.2 च दाखवतो! स्लरीतलं (टाकीतल्या पातळ लगद्यातलं) बायकार्बोनेट आम्ल पचवत असतं. ते संपलं की पीएच कोसळतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून रोज टायट्रेशन, म्हणजे थोडंथोडं आम्ल घालून मोजणी, करावं. गाळलेली 20 मिली स्लरी घ्या, 0.1 नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने आधी पीएच 5.0, मग 4.4 पर्यंत आणा. दोन्ही टप्प्यांत लागलेल्या आम्लावरून स्लरीतली सेंद्रिय आम्लं आणि क्षारता यांचं गुणोत्तर निघतं. 0.3 ते 0.4 असेल तर ठीक, 0.5 च्या वर गेलं तर माल कमी करा किंवा थांबवा, गरज पडल्यास खाण्याचा सोडा घाला. चुना ओतू नये, कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. ‘चमत्कारी कल्चर’ची (विकतच्या जंतूंची) पोती आणि टाकीवर टांगलेली लिंबू-मिरची यांचा गुण सारखाच.

एआयचं काम इथे. माल, तापमान, गॅसचं प्रमाण, त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि हे गुणोत्तर यांच्या बदलांवरून आम्लाची चढती चाल आधी ओळखणं. पाया म्हणून 2002 सालचं एडीएम-1 हे गणिती प्रतिरूप चालतं. त्यात जीवरसायन आधीच बसवलेलं आहे. निव्वळ आकड्यांवर शिकलेलं मॉडेल मात्र फसतं, कारण सुरळीत चाललेल्या टाकीच्या नोंदीत आंबण्याचं उदाहरणच नसतं. हंगामात शिकलेलं मॉडेल जूनमध्येही चुकतं: उघड्यावर पडलेल्या जुन्या प्रेसमडमधला सेंद्रिय भाग तोवर बराच कुजून गेलेला असतो.

आणि पीएचची कांडी. तिच्यावर मेणाचा लेप बसतो, आकडा स्थिर दिसतो आणि मॉडेल खूश होतं. ती कोमट साबणपाण्याने धुवून पीएच 4 आणि 7 च्या द्रावणात तपासावी, मगच स्क्रीनकडे बघावं.