व्हायरस आणि ट्रोजन: एक शिरतो, दुसऱ्याला आपण दार उघडतो

चवथीच्या तोंडावर म्हापशातल्या आमच्या वाड्यावरच्या काकांनी हाक मारली. ते निवृत्त शिक्षक, भजनी मंडळासाठी अभंगांची पुस्तिका टाइप करत होते. "कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय रे, जरा बघून जा." बघितलं, तर आपणहून शिरलं काहीच नव्हतं. मराठी फॉन्ट फुकट मिळतोय म्हणून काकांनी एक फाइल उतरवून घेतली होती. विंडोजने 'या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का?' असं विचारल्यावर 'होय' दाबलं होतं. फॉन्ट आला आणि छान चाललाही. त्याच्या आडून आणखी एक प्रोग्रॅम आला, तो ट्रोजन.

बोलताना आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो, त्याला माझी हरकत नाही. पण बचाव करायचा म्हटलं की दोघांतला फरक कळायलाच हवा.

व्हायरस हे बांडगूळ आहे. आंब्याच्या फांदीत मुळं रुतवून बांडगूळ झाडाच्या जिवावर जगतं आणि पक्षी त्याचं चिकट बी पुढच्या झाडावर नेतात. व्हायरसही एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमला किंवा वर्डच्या फाइलला चिकटतो आणि ती फाइल उघडली की आपल्या प्रती इतर फाइलींना चिकटवत सुटतो. पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जाणारा 'ब्रेन' 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरायचा, आता ते काम पेनड्राइव्ह करतो. झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रिंट काढून घरी यावं, तर पेनड्राइव्हवरच्या प्रत्येक फोल्डरच्या जागी बाणाची खूण असलेला शॉर्टकट, हा अनुभव गोव्यात कितीजणांना आला असेल! काटेकोर बोलायचं तर असे बरेचसे प्रकार 'वर्म'मध्ये मोडतात, कारण वर्मला चिकटायला दुसरी फाइल लागत नाही. मे 2017 मधला 'वॉनाक्राय' हा वर्म तर कुणी क्लिकही न करता एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेला. त्याला अडवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं.

ट्रोजन स्वतःच्या प्रती काढत नाही. तो सोंग घेतो. नाव ग्रीकांनी पोटात सैनिक लपवून ट्रॉय शहरात घुसवलेल्या लाकडी घोड्यावरून पडलं, पण आपल्याला जवळचा दाखला पंचवटीतला. जोगड्याच्या वेषातल्या रावणाला लक्ष्मणरेषा ओलांडता येत नव्हती, भिक्षा घालायला सीतामाईलाच रेषेबाहेर यावं लागलं. विंडोजची ती 'होय-नाही'ची चौकट म्हणजे आपली रेषा.

आणि हे सोंग नुसतं वरवरचं नसतं. 1989 मध्ये एड्सची माहिती देणाऱ्या सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने वाटल्या गेल्या. त्यातली प्रश्नावली खरोखर चालायची. कॉम्प्युटर साधारण 90 वेळा सुरू झाला की मात्र फाइलींची नावं उलटीसुलटी व्हायची आणि पनामातल्या टपाल पेटीवर 189 डॉलर पाठवायची मागणी पडद्यावर यायची. म्हणून 'काम तर होतंय, मग प्रोग्रॅम चांगलाच असणार' हा हिशेब चुकतो. काकांचा फॉन्टही चाललाच होता. आजचे ट्रोजन तर गाजावाजाच करत नाहीत. मागे बसून बँकेचा पासवर्ड टिपतात.

व्हायरस आणि वर्मसाठी विंडोज अपडेट ठेवा, डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच अँटिव्हायरस, चालू ठेवा, बाहेरून आलेला पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडू नका. विंडोज 10 ची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, तेही लक्षात असू द्या.

ट्रोजनला एवढं पुरत नाही, कारण तो आपल्या परवानगीने चालतो. काकांनी फाइल घेतली त्या पानावर लिहिलं होतं, 'इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा.' हे वाक्य दिसलं की तिथून उठायचं. झिप फाइलला पासवर्ड लावून तो शेजारीच लिहिलेला असेल, तरी तेच. अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये, यासाठी ती युक्ती असते. शिवाय नुसता फॉन्ट टीटीएफ किंवा ओटीएफ फाइलमध्ये येतो, काकांची फाइल ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम होती. पण नावाची ही शेपटी विंडोज मुळात लपवून ठेवतं, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' हे नुसतं पीडीएफ वाटतं. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आजच चालू करा. घरात रोजच्या वापराला साधं, 'स्टँडर्ड' खातं ठेवा, म्हणजे 'होय' म्हणायलाही अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल आणि हात क्षणभर थांबेल.

चूक झालीच, तर आधी इंटरनेट तोडा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून. त्याच मशीनवर बदलले, तर नवेही चोराच्या हाती पडतील. खात्यातून पैसे गेले असतील, तर लाज न बाळगता लगेच 1930 या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

काकांचं विंडोज मी पुसून नव्याने टाकलं. नातवंडांचे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर होते, ती एरवी काढून कपाटात ठेवलेली असते, म्हणून ते वाचले. मग सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडून फोनेटिक कीबोर्ड चालू करून दिला. तो विंडोजमध्येच मिळतो, कुठून उतरवावा लागत नाही. पुस्तिका त्यावरच पुरी झाली.