चेळियन

चेळियन हे तमिळ छायालेखक, लेखक आणि दिग्दर्शक. इंग्रजी स्पेलिंगमुळे त्यांचे नाव मराठीत सर्रास ‘चेझियन’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात त्यातला ‘ळ’ हा ‘तमिळ’ शब्दातलाच.

छायालेखक पी. सी. श्रीराम यांच्या हाताखाली ते तयार झाले. मात्र तमिळनाडूतल्या अनेकांना त्यांची पहिली ओळख झाली ती लेखक म्हणून. ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकात त्यांनी ‘उलग सिनेमा’ (जागतिक सिनेमा) ही लेखमाला लिहिली; पुढे तिची पुस्तके निघाली. परदेशी चित्रपट पाहायचा तर फिल्म सोसायटी गाठावी लागे किंवा कुणाकडून तरी डीव्हीडी मिळवावी लागे, असा तो काळ. चेळियन चित्रपटाची गोष्टच सांगत, म्हणजे तो न पाहिलेल्या वाचकाच्याही हाती काहीतरी लागे. समीक्षेच्या परिभाषेत न शिरता लिहिणे, हे त्या लेखनाचे खरे बळ.

छायालेखक म्हणून ‘कल्लूरी’ (२००७, दिग्दर्शक बालाजी शक्तिवेल) या चित्रपटाने त्यांच्याकडे लक्ष वेधले. धर्मपुरीत २००० साली बस पेटवून तीन विद्यार्थिनींना जाळण्यात आले. त्या घटनेची छाया या चित्रपटावर आहे. ‘तेन्मेर्कु परुवकाट्रु’ (२०१०) मध्ये तेनीकडचा रखरखीत मुलूख, तर बाला यांच्या ‘परदेशी’त (२०१३) ब्रिटिशकालीन चहामळ्यांवर नेलेले वेठबिगार मजूर. ‘परदेशी’त रंग जवळजवळ पिळून काढलेले आहेत: माती, गोणपाटासारखे कपडे आणि माणसांची कातडी एकाच मळकट छटेत येते. मळ्याची हिरवाई पर्यटकाच्या नजरेला सुखावेल अशी कुठेच दिसत नाही. राजू मुरुगन यांचा ‘जोकर’ही (२०१६) त्यांनीच चित्रित केला.

दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट ‘टू लेट’ (To Let, म्हणजे ‘भाड्याने देणे आहे’). निर्मिती पत्नी प्रेमा यांची, छायालेखन अर्थात स्वतःचे. कथेचा काळ २००७चा. आयटीच्या पगारांमुळे चेन्नईतली भाडी भडकलेली, आणि सिनेमात जम बसवू पाहणारा इळंगो, त्याची बायको अमुदा व लहान मुलगा यांना घर रिकामे करायचे आहे. नवे घर बघायला गेले की भाड्याच्या आधी जात विचारली जाते, मग खाणेपिणे, मग धंदा. सिनेमाचे नाव काढले की बोलणे तिथेच संपते. चित्रपटात गाणी नाहीतच, पार्श्वसंगीतही नाही. घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. तमिळ पडद्यावर हे धाडसच. २०१७चा सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. चित्रपटगृहांत तो लागला फेब्रुवारी २०१९मध्ये.