मशीनमध्ये धुतलेली नोट निळी का चमकली?

गेल्या आठवड्यात माझी ५०० ची नोट पँटच्या खिशात राहिली आणि मशीनमधून धुऊनच निघाली. वाळवली, इस्त्री फिरवली, एकदम कडक. पण इंदूरच्या सियागंज बाजारात दुकानदाराने जांभळ्या यूव्ही (अतिनील) लाइटखाली धरली तर अख्खी निळसर चमकायला लागली, म्हणे "भिया, ये नी चलेगी". अहो, खरी होती नोट!

झालं असं की नोटेचा कागद कापसाचा असतो आणि त्यात आपल्या झेरॉक्सच्या कागदासारखं सफेदी आणणारं केमिकल नसतं, म्हणून यूव्ही लाइटखाली तो मंदच दिसतो, चमकतात ते नंबर आणि कागदातले बारीक तंतू, कारण नंबरच्या शाईतलं फ्लुरोसंट द्रव्य डोळ्यांना न दिसणारे यूव्ही किरण शोषून त्यांचा दिसणारा उजेड करतं. पण डिटर्जंटमध्येही तसंच सफेदीचं केमिकल असतं आणि ते कापसाला चिकटतं. म्हणजे माझ्या बनियनची सफेदी नोटेलाही आली.

शाईला मात्र काही झालं नव्हतं. खाली उजवीकडचा ₹५०० आकडा सरळ बघितला तर हिरवा, तिरका केला तर निळा. अशा शाईत रंगाची पूड नसतेच, अतिसूक्ष्म टिकल्या असतात, मधे अॅल्युमिनियम, दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फ्लोराइडचा पारदर्शक थर, सगळ्यात वर क्रोमियमचा इतका पातळ पापुद्रा की अर्धा उजेड आरपार जातो. थोडा उजेड वरून परततो, थोडा आत अॅल्युमिनियमवर आपटून येतो, दोन्ही एकत्र आले की एखादा रंग उठतो आणि बाकीचे मरतात. नोट कलली की हा हिशोब बदलतो आणि रंग निळ्याकडे सरकतो. पावसात रस्त्यावर सांडलेलं पेट्रोल रंगीत दिसतं ना, तेच गणित. स्कॅनर एकाच कोनातून बघतो, त्याला हे कुठून जमणार!

कडेच्या पाच तिरप्या रेघांवर नख फिरवा, खरखर लागेल. कोरलेल्या प्लेटच्या खाचांत घट्ट शाई भरून प्रचंड दाबाने कागदावर उठवतात, दृष्टिहीनांना नोट ओळखता यावी म्हणून.

आणि ही उठावाची घट्ट शाई काही लांब कुठे बनत नाही, आपल्या शेजारी देवासला नोटांच्या प्रेसमध्येच शाईचा कारखाना आहे. २०२२ पासून म्हैसूरलाही 'वर्णिका' नावाचं नोटांच्या शाईचं युनिट सुरू झालंय.

दुकानदाराला मी नोट कलवून कलवून दाखवली. घेतली शेवटी, पण सुट्ट्या पैशांच्या जागी दोन टॉफ्या टेकवल्या.