शिबिराने मुलांमध्ये फरक पडला, हे कशावरून?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून येथील उन्हाळी शिबिरे भल्या सकाळी भरतात. शेवटी अहवाल निघतो: नोंदणी झालेल्या मुलांची संख्या, छायाचित्रे आणि मुलांचा आत्मविश्वास वाढला असे एक वाक्य. शाळा सुटल्यानंतरच्या क्रीडावर्गांचे अहवालही बहुधा याच साच्यातले असतात. संख्या तपासता येते. त्या वाक्याला मात्र कसलाच आधार दिलेला नसतो.

रेशीमबाग मैदानावर नियमित येणारा मुलगा आणि न येणारा मुलगा यांच्यात फरक आधीपासूनच असतो. पहिल्याला पहाटे उठवून पाठवणारे कोणीतरी घरी असते, त्यामुळे पुढे त्याची प्रगती दिसली तरी श्रेय मैदानाचे की घराचे, हे सांगता येत नाही. त्याच मुलाची आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहणेही पुरेसे नाही, कारण बारा-तेरा वर्षांचे मूल सहा महिन्यांत तसेही बदलते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज आणि सॉमरव्हिल येथे १९३९ ते १९४५ या काळात झालेला प्रयोग यासाठी मुळातून समजून घ्यावा असा आहे. सारख्या परिस्थितीतील मुलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील कोणाला मदत द्यायची हे नाणेफेकीने ठरवले गेले. निवडलेल्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरे असे बरेच काही मिळाले. सुमारे तीस वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी ५०६ जणांचा माग काढला, तेव्हा मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी उपक्रमाचा फायदा झाल्याचे सांगितले. नोंदी वेगळेच सांगत होत्या: वारंवार गुन्हे, दारूचे व्यसन, अकाली मृत्यू यांचे प्रमाण मदत मिळालेल्या गटातच अधिक होते. त्यातही पुन्हा पुन्हा शिबिरांना पाठवलेल्या मुलांचे अधिक नुकसान झाल्याचे पुढील विश्लेषणात दिसले. खोडकर मुले एकत्र आली की एकमेकांच्या खोड्यांना दाद देतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण मांडले गेले. केवळ अभिप्राय-अर्जांवर थांबले असते, तर हा उपक्रम यशस्वीच ठरला असता.

यावरून शिबिरे वाईट ठरत नाहीत. डर्लॅक आणि वाइसबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शाळा सुटल्यानंतरच्या उपक्रमांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा क्रमाने, कृतीतून आणि ठरावीक कौशल्य डोळ्यांसमोर ठेवून शिकवणाऱ्या उपक्रमांत लाभ दिसला. इतरांत फारसा नाही.

नागपुरात तुलनेची सोय करणे वाटते तितके अवघड नाही. २००१ मध्ये विजय बारसे यांनी येथे सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’पासून गल्लीतल्या छोट्या मंडळांपर्यंत खेळातून मुलांना घडवू पाहणारे अनेक जण आहेत. जेथे जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, तेथे सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. नंबर न लागलेल्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीतील तुकडीत प्रवेश द्यावा आणि तोपर्यंत दोन्ही गटांची शाळेतील हजेरी नोंदवत राहावे. मध्येच गळालेल्या मुलांची नावे निवडलेल्यांच्या यादीतून खोडू नयेत; ती खोडली, तर उरलेल्यांची सरासरी आपोआप चांगली दिसू लागते.