अभिरक्षक पदाचा अर्ज : छाननीत अडवणारे कागद

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासूनचे आहे आणि वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८चे. पवनी, मनसर, कौंडिण्यपूर येथील उत्खननांमुळे विदर्भातल्या विद्यार्थ्यांना पुरातत्त्व आणि संग्रहालये या विषयाची ओळख घरच्या अंगणातच होते. तरीही संग्रहालयाच्या अभिरक्षक (क्युरेटर, म्हणजे संग्रहातील वस्तू सांभाळणारा अधिकारी) पदासाठी अर्ज करणारी खेड्यांतली मुले, विषयाची चांगली जाण असूनही, छाननीत बाद होताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयातील राजपत्रित पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. अशा पदांसाठी बहुधा इतिहास, प्राचीन भारतीय इतिहास किंवा पुरातत्त्व अशा विषयातील पदव्युत्तर पदवी, त्याबरोबर संग्रहालयशास्त्राची पदवी वा पदविका आणि काही वर्षांचा अनुभव मागितला जातो. नेमकी अट त्या त्या जाहिरातीतच वाचावी. संग्रहालयशास्त्र बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तसेच बनारस हिंदू विद्यापीठात शिकवले जाते. आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदणी, छायाचित्र आणि शुल्क या गोष्टी सेवा केंद्रावर तासाभरात होतात.

खरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची आहे. अंशकालीन, मानसेवी, रोजंदारी, विद्यावेतनी किंवा विनावेतन केलेले काम आयोग अनुभव म्हणून धरत नाही. त्यामुळे उत्खननाच्या शिबिरात महिनाभर राबल्याचे प्रमाणपत्र किंवा एखाद्या ट्रस्टच्या संग्रहालयात सुट्टीच्या दिवशी केलेल्या सेवेचे पत्र, कितीही मनापासून केलेल्या कामाचे असले तरी, येथे उपयोगी पडत नाही. पूर्णवेळ नोकरी केलेल्यांचेही दाखले अपुरे निघतात, कारण त्यांवर ‘यांनी आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली आहे’ एवढेच लिहिलेले असते. दाखला संस्थेच्या लेटरहेडवर असावा. पदनाम, रुजू झाल्याचा व सोडल्याचा दिनांक, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, वेतन आणि कामाचे स्वरूप, जसे वस्तूंची नोंदवही ठेवणे, जतन, दालनातील मांडणी, हे सारे त्यात यावे. जावक क्रमांक, सही आणि शिक्का यांपैकी एकही राहू देऊ नये. नोकरी सोडतानाच असा दाखला मागून घ्यावा, कारण चार वर्षांनी जाहिरात निघते तेव्हा सही करणारे अधिकारी बदललेले असतात आणि नवे अधिकारी जुन्या कामाची जबाबदारी घ्यायला धजत नाहीत.

दुसरी चूक तारखेची होते. अर्हता आणि अनुभव दोन्ही अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकापर्यंत पूर्ण झालेले असावे लागतात. मुलाखत सहा महिन्यांनी आहे, तोवर पदविकेचा निकाल लागेल, हा हिशेब चालत नाही. ‘अर्हता प्राप्त केल्यानंतरचा अनुभव’ असे जाहिरातीत लिहिले असेल, तर पदविकेच्या निकालाआधीची वर्षे मोजली जात नाहीत. हे एक वाक्य नीट न वाचल्यामुळे होतकरू उमेदवार बाहेर पडतात, याचे फार वाईट वाटते.

इतर मागासवर्गाच्या उमेदवारांनी नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्र वेळेआधी काढावे. वार्षिक उत्पन्नाच्या ८ लाखांच्या मर्यादेत आईवडिलांचे वेतन व शेतीचे उत्पन्न धरायचे नसते, पण सेवा केंद्रावर कापसाचे पैसेही धरून अर्ज फेटाळले जातात. तेव्हा तहसीलमध्ये शांतपणे नियम दाखवावा, ऐकून परत येऊ नये. विवाहित मुलींचे प्रमाणपत्र पतीच्या नव्हे, आईवडिलांच्या उत्पन्नावर निघते. केंद्रीय पदासाठी नमुना वेगळा असतो, तेथे राज्याचा कागद चालत नाही.

संचालकपदाकडे नेणाऱ्या वरच्या पदांसाठी अनुभवाची अट अधिक वर्षांची असते, म्हणून आज नीट घेतलेला दाखला पुढे पुन्हा कामी येतो. ट्रस्टच्या संग्रहालयात नेमणूक विश्वस्त मंडळ करते आणि आयोगाचा संबंध येत नाही, पण तेथे रुजू होतानाच लेखी नियुक्तिपत्र मागावे. ते नसेल तर पाच वर्षांचे कामही आयोगाला कागदावर दाखवता येत नाही.